परक्या हातची वही

दसरा जवळ येऊ लागला की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील गावांतून, आष्टी-पाटोदा-शिरूरच्या बाजूला, ऊसतोडीच्या मुकादमांच्या फेऱ्या वाढतात. आणि तिकडे रायगड-पालघरच्या कातकरी वाड्यांवर त्याच्याही आधी, ऐन श्रावण-भाद्रपदात, घरातले दाणे सरलेले आणि मजुरी थांबलेली असते अशा वेळी, वीटभट्टीच्या मालकाचा माणूस बयाणा घेऊन दारात उभा राहतो. ते पैसे खरे असतात, ज्या गरजेसाठी ते घेतले जातात ती गरजही खरी असते, आणि देणारा व घेणारा दोघेही त्या क्षणी एकमेकांशी गोडीनेच बोलत असतात. म्हणूनच पुढे सहा महिन्यांनी त्याच व्यवहारातून एखाद्या कुटुंबाचे स्वातंत्र्य नेमके केव्हा आणि कसे हरपले, हे त्या कुटुंबालाही नीटसे सांगता येत नाही. ते सांगता यावे, आणि शक्य तर हरपण्याच्या आधीच ओळखता यावे, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

ज्यांच्यावर हा प्रसंग येतो त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या हाती हे पान पडेल, याची मला जाणीव आहे. म्हणून माझे बोलणे मुख्यतः त्यांच्या शेजारी राहणाऱ्या साक्षर माणसांशी आहे: वाडीवरच्या शाळेचे गुरुजी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई, किराणा दुकानाचा मालक, शहरात नोकरी करून सणाला घरी येणारा मुलगा. हातात पेन्सील धरून हिशेब मांडता येणारा एक विश्वासाचा माणूस व्यवहाराच्या वेळी जवळ असला, तर पुष्कळदा पुढचा अनर्थ टळतो, असे माझे मत आहे.

‘मानवी तस्करी’ हे शब्द कानी पडताच आपल्या मनःचक्षूंपुढे रात्रीच्या अंधारात पळवून नेलेली माणसे आणि कुलूपबंद दारे उभी राहतात. तसेही घडते. 2023 च्या जून महिन्यात धाराशिव जिल्ह्यात विहिरी खोदण्याच्या कामावर डांबून ठेवलेल्या 11 मजुरांची पोलिसांनी सुटका केली, तेव्हा दिवसा विहिरीत राबणाऱ्या या माणसांना रात्री पळून जाऊ नयेत म्हणून साखळदंडांनी बांधून ठेवीत असत, हे उजेडात आले. काम शोधीत निघालेल्या या माणसांना दलालांनी कंत्राटदारांच्या हवाली केले होते. पण ज्या शोषणाविषयी मी सांगू इच्छितो त्यातील बहुसंख्य ठिकाणी साखळदंड लागतच नाही. त्याचे काम एक साधी वही करते, आणि ती वही नेहमी दुसऱ्याच्या हाती असते. कायद्याने मात्र या दोहोंत भेद केलेला नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 प्रमाणे, शोषणाच्या हेतूने एखाद्याला भरती करणे, एका जागेहून दुसरीकडे नेणे, ठेवून घेणे, हवाली करणे अगर ताब्यात घेणे, आणि त्यासाठी धाक, बळजबरी, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा प्रलोभन यांपैकी कोणत्याही मार्गाचा अवलंब करणे, हा गुन्हा आहे; त्याला 7 ते 10 वर्षांची सक्तमजुरी आहे, आणि एकाहून अधिक माणसांना असे नेले असेल तर शिक्षा किमान 10 वर्षे व जन्मठेपेपर्यंत आहे. त्याच कलमात असेही स्पष्ट म्हटले आहे की, नेल्या गेलेल्या माणसाची संमती होती की नव्हती, हा मुद्दा गैरलागू आहे. ‘तो आपल्या पायांनी गाडीत बसला’ हे उत्तर कोणी दिले तर त्याने गुन्हा पुसला जात नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील वारल्यांमध्ये ‘लग्नगडी’ हा शब्द एके काळी सर्रास रूढ होता: लग्नासाठी सावकाराकडून रक्कम घ्यायची आणि तिच्या फेडीसाठी नवरा-बायकोने त्या सावकाराच्या घरी व शेतावर राबत राहायचे, असा तो प्रघात. 1945 साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेच्या झेंड्याखाली वारली एकत्र आले, तेव्हा वेठ आणि लग्नगडी यांचा अंत करणे ही त्यांची पहिली मागणी होती. पाच वर्षांनी अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या 23 व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई केली. 25 ऑक्टोबर 1975 पासून लागू मानलेल्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने त्या मनाईला शिक्षेचे बळ दिले. आणि तरीही 1980 नंतर वसईच्या परिसरात विवेक व विद्युल्लता पंडित यांना श्रमजीवी संघटनेद्वारे वेठबिगारांच्या मुक्ततेचे काम नव्याने उभारावे लागले. रीत जुनीच राहिली, फक्त वाड्याच्या जागी भट्टी आली आणि लग्नाच्या रकमेला उचल हे नाव मिळाले.

उचल घेणारा मूर्ख असतो, व्यसनी असतो, त्याला उद्याची फिकीर नसते, असे सुस्थितीतील माणसे फार सहजपणे बोलतात. हे बोलणे अन्यायाचे आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही, ज्याला बँक दारात उभी करीत नाही, त्याला आजाऱ्याच्या औषधासाठी, घरावरच्या कौलासाठी किंवा पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या पोटासाठी एकरकमी पैसा देणारी दुनियेत एकच संस्था उरते, आणि ती म्हणजे पुढच्या हंगामाचे त्याचे स्वतःचे श्रम. ते गहाण टाकण्याखेरीज त्याच्यापाशी काही नसते. शिवाय पैसे घेऊन येणारा मनुष्य परका नसतो. तो बहुधा त्याच पट्ट्यातला, नात्याचा, जातीचा, मागल्या वर्षी बहिणीला घेऊन गेलेला असतो. विश्वास हीच या व्यवहाराची सनद असल्याने कागदाची मागणी करणे हा उलट अपमान समजला जातो.

आता वहीचे काम कसे चालते ते एका कल्पित पण साध्या उदाहरणाने पाहू. समजा, एका जोडप्याने भाद्रपदात भट्टीवाल्याकडून 60,000 रुपये घेतले. दिवाळीनंतर ते मुलांसह भट्टीवर गेले व तेथे 26 आठवडे राहिले. आठवड्याच्या बाजाराला त्यांना 1,000 रुपये खर्ची मिळते, म्हणजे हंगामाअखेर त्यांच्या नावे 26,000 रुपये आणखी मांडले जातात आणि एकूण देणे 86,000 होते. त्यांनी 150 दिवस विटा पाडल्या, रोज 900 प्रमाणे. दर हजारी 700 रुपये धरू. या हिशेबाने 1,35,000 विटांचे 94,500 रुपये होतात, देणे फिटून 8,500 रुपये घेऊन ते घरी जावयास हवेत. परंतु मोजणी मालकाचा मुनीम करतो. काही विटा अवकाळी पावसाने भिजल्या, काही वाकल्या, काही फुटल्या, असे म्हणून तो दररोज 200 विटा धरीत नाही. वहीत 1,05,000 विटा लागतात, मजुरी 73,500 होते, आणि जे कुटुंब 8,500 रुपये घेऊन निघायचे त्याच्या अंगावर 12,500 रुपये बाकी राहते. कोणी कोणाला मारले नाही, कोंडले नाही. नुसती दिवसाला 200 विटांची मोजणी चुकली. मग मुनीम म्हणतो, एवढी बाकी ठेवून जाता येणार नाही, किंवा पुढल्या वर्षी येथेच यावे लागेल. आणि ज्या घटकेला हे वाक्य उच्चारले जाते, त्या घटकेपासून तो व्यवहार कर्जाचा राहत नाही, तो वेठीचा होतो.

याच उदाहरणातून आणखी एक गोष्ट काढून दाखवितो, कारण ती मोजावयाची रीत प्रत्येक शिक्षकाला घरबसल्या वापरता येईल. वहीतील 73,500 रुपयांना दोन माणसे व 150 दिवस यांनी भागले की माणशी रोज 245 रुपये येतात. बारा वर्षांचा मुलगा विटा उलटून वाळत घालीत असेल, आणि भट्ट्यांवर तो घालतोच, तर श्रम तिघांचे होतात व रोज 163 रुपयांवर येतो. हा आकडा त्या धंद्यासाठी शासनाने ठरविलेल्या किमान वेतनाशी ताडून पाहावा. तो दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारल्यास मिळतो. ताडून पाहणे इतके महत्त्वाचे का, ते पुढे सांगतो.

ऊसतोडीची तऱ्हा थोडी निराळी आहे. तेथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. उचल कोयत्यावर मिळते आणि बाईच्या श्रमाचा वेगळा हिशेब कोठेच लागत नाही. आजारपणाने वा बाळंतपणाने कामावर जाता आले नाही तर ‘खाडा’ पडतो व त्याचा दंड उचलीत चढतो. खाड्याच्या या धास्तीने बाया पोटाची दुखणी अंगावर काढतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली विधिमंडळापर्यंत गेला, त्याच्या मुळाशी ही धास्ती पुष्कळ अंशी होती. येथे मुकादमाविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. कारखान्याकडून वाहतूकदार, वाहतूकदाराकडून मुकादम आणि मुकादमाकडून कोयता, अशी पैशाची उतरंड असते, आणि खालचा माणूस उचल घेऊन आलाच नाही तर मधला मुकादम आपल्या बैलांना व जमिनीला मुकतो. काही मजूर दोन-दोन मुकादमांची उचल घेतात हेही खरे आहे. उचल वेठीची नसेल, तर बुडालेल्या पैशासाठी दिवाणी न्यायालयात जाण्याचा मार्ग मुकादमाला मोकळा आहे. परंतु त्या पैशासाठी मजुराला वा त्याच्या म्हाताऱ्या बापाला गाडीत घालून नेणे, बायकोला ओलीस ठेवणे, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा घेणे, याचा अधिकार त्याला कोणत्याही परिस्थितीत पोचत नाही.

सर्वांत जीव कासावीस होतो तो मुलांच्या बाबतीत. 2022 साली नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीवरील लहान मुले अल्पशा रकमेच्या मोबदल्यात मेंढ्या राखण्यासाठी दिली गेल्याचे उघडकीस आले, तेही त्यांतील एका मुलीचा मृत्यू झाल्यानंतर. शाळेच्या हजेरीपत्रकावर अशा मुलांपुढे कित्येक महिने ‘गैरहजर’ एवढाच शेरा पडत असतो. गुरुजींनो, आपल्या पटावरील मूल सलग दिसेनासे झाले, आई-बाप मात्र घरीच आहेत, आणि विचारल्यावर ‘मामाकडे गेलाय’ यापलीकडे उत्तर मिळत नाही, तर त्या मामाचे गाव विचारा. तेवढ्याने भागत नसेल तर 1098 या क्रमांकावर कळवा. तो मुलांच्या मदतीसाठीच आहे व कळविणाराला काही सिद्ध करून द्यावे लागत नाही.

आता कायद्याची कसोटी. 1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाप्रमाणे, घेतलेल्या आगाऊ रकमेपोटी, अथवा बापजाद्याच्या देण्यापोटी वा रूढीने, एखाद्याने चार गोष्टींपैकी एक जरी गमावली असेल, तरी तो वेठबिगार ठरतो: योग्य मजुरी; दुसरीकडे काम धरण्याची मोकळीक; देशात हवे तेथे जाण्या-येण्याची मोकळीक; आणि आपले श्रम व माल बाजारभावाने विकण्याचा हक्क. चारही गमवाव्या लागत नाहीत, एक पुरते, हे पुन्हा सांगतो, कारण चौकशीला आलेले अधिकारीही कधी कधी ‘हे लोक बाजारात जातात, मोबाईल बाळगतात, मग वेठबिगार कसे?’ असे विचारतात. किमान वेतनाहून कमी मजुरी ही या अधिनियमाच्या भाषेत नाममात्र मजुरीच होय. त्याही पुढे जाऊन सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, पोटाच्या निकडीपायी किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम पत्करावे लागणे ही सक्तीची मजुरीच आहे. आणि 1983 साली बंधुआ मुक्ती मोर्चाच्या प्रकरणात असे म्हटले की, सक्तीची मजुरी दिसून आली की ती आगाऊ रकमेपोटीच आहे असे गृहीत धरावे, तसे नसल्याचे मालकाने दाखवावे. म्हणून वर भागाकार करून दाखविला. तो कागद जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवला तर मजुराच्या अश्रूंपेक्षा अधिक बोलका ठरतो.

याच अधिनियमाचे दुसरे अंग मजुराला सांगणे सर्वांत निकडीचे आणि सर्वांत कठीण आहे. वेठीचे कर्ज कायद्याने नाहीसे झालेले आहे. ते फेडण्याचे बंधन नाही; त्यासाठी दावा लावता येत नाही; ते वसूल करून घेणे हाच गुन्हा आहे; आणि कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर आहे. पण ज्याने आयुष्यभर ‘घेतलेले द्यावे’ हा धर्म पाळला आहे, त्याला हे ऐकताना संकोच होतो, आणि त्याचा हा प्रामाणिकपणाच वहीची खरी कडी असते. त्याच्याशी वाद घालू नये. त्याला विटांची मोजणी समजावून सांगावी. आपण केव्हाच फेडून बसलो आहोत, हे त्याला आपल्याच आकड्यांवरून उमगले म्हणजे त्याची मान आपोआप वर होते.

जाण्यापूर्वी काय करावे? जाऊच नका, असा उपदेश मी करणार नाही, कारण त्याने कोणाची चूल पेटत नाही. पण उचलीचा आकडा, तारीख, हजारी किंवा टनाचा दर, खर्चीची रक्कम, येण्या-जाण्याचे भाडे कोणाकडे, आणि सुटण्याची तारीख, एवढा मजकूर दोन प्रतींत लिहून एक प्रत घरी ठेवावी. मालक सही करीत नसेल तर पैसे देताना हजर असलेल्या दोघांची नावे तरी लिहावीत. रक्कम बँकेच्या खात्यावर घेता आली तर उत्तम, कारण पुढे तीच साक्ष होते. कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर, न वाचलेल्या बाँडवर अंगठा देऊ नये. आधारकार्ड आणि रेशनकार्ड यांची झेरॉक्स द्यावी, मूळ कागद कोणाच्याही हवाली करू नयेत. रेशनचे धान्य आता कामाच्या गावीही घेता येते, त्यामुळे कार्ड जवळ असणे पोटाच्या दृष्टीनेही हिताचे. ग्रामपंचायतीत, किंवा शाळेत म्हणा, एक वही ठेवावी व हंगामाला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद तीत करावी: कोण, किती मुलांसह, कोणाबरोबर, गाडीचा क्रमांक काय, कोणत्या तालुक्याला. गावच्या हातची ही वही असेल तर मालकाच्या हातच्या वहीचा जोर तेवढा कमी होतो.

कामाच्या जागी गेल्यावर रोजचे रोज आपली मोजणी ठेवावी. लिहिता येत नसेल तर सुतळीला गाठी माराव्यात, झोपडीच्या कुडावर कोळशाने रेघा ओढाव्यात. मुलीला चौथीपर्यंतचे गणित येत असेल तर हे काम तिचे. दर आठवड्याच्या खर्चीच्या वेळी मुनीमाच्या आकड्याशी आपला आकडा लावून घ्यावा, हंगामाअखेरपर्यंत थांबू नये, कारण तोवर कोणाच्याच ध्यानात काही राहत नाही. घरी आठवड्याला एक फोन करावा आणि त्यासाठी आधीच एक खुणेचे वाक्य ठरवून ठेवावे. ‘तांबड्या गाईला दवा दिली का?’ असे विचारले की घरच्यांनी ओळखावे, काहीतरी अडले आहे व येथे मोकळेपणी बोलता येत नाही. मयतालाही जाऊ न देणे, एकाला सोडले तर दुसऱ्याला मागे ठेवणे, मोबाईल काढून घेणे, बाजाराला माणूस सोबत पाठविणे, बाकी किती ते विचारले की शिवी हासडणे, ही लक्षणे दिसू लागली की पुढे काय होणार ते समजून चालावे.

असा निरोप गावी आला तर तरुण मंडळी जीप करून सोडवायला धावतात. त्यांच्या तळमळीचा मला आदर आहे, तथापि हे करू नये. मारामारी होते, मजूर रातोरात दुसऱ्या भट्टीवर हलविले जातात, आणि उलट चोरीची फिर्याद होते. त्याऐवजी गुपचूप माहिती जमवावी. जागा सांगता येत नसेल तर विटेवरचा छाप विचारावा: बहुतेक भट्ट्यांच्या विटेवर मालकाची आद्याक्षरे वा एखादी खूण उमटविलेली असते, आणि तेवढ्यावरून तालुक्यातला कोणीही बांधकाम मिस्त्री भट्टी ओळखतो. जवळची नदी, देऊळ, पेट्रोलपंप, माणसांची संख्या, त्यांत मुले किती, आजारी किंवा गरोदर कोण, हे टिपून ज्या जिल्ह्यात भट्टी आहे तेथील जिल्हाधिकारी व प्रांताधिकारी यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा. वेठबिगाराची ओळख, सुटका आणि पुनर्वसन ही कायद्याने त्यांची जबाबदारी आहे, आणि जिल्हा व उपविभाग पातळीवर त्यासाठी दक्षता समित्या असतात. जिवाला धोका असेल तर 112 वर फोन करावा. पोलीस ठाण्याने ‘हद्द आमची नाही’ म्हटले तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठविणे त्यांना बंधनकारक आहे, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. मजूर अनुसूचित जाती-जमातीचे असतील व मालक तसा नसेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलमही लागते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अशा माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचे उत्पन्न किती ते पाहिले जात नाही. त्यासाठीचा क्रमांक 15100. चौकशीला पथक जाईल तेव्हा एकच आग्रह धरावा: मजुरांचे जबाब मालक व मुकादम यांच्यापासून दूर, शक्य तर भट्टीच्या बाहेर नेऊन घ्यावेत. मालक समोर उभा असताना ‘आम्ही खुशीने राहतो’ असेच उत्तर येणार, आणि त्या एका वाक्यावर पंचनामा आटोपला की मग त्या कुटुंबाला कोणी वाली उरत नाही.

परदेशाच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. आखातात घरकामाला गेलेल्या स्त्रिया आणि अलीकडे संगणकाच्या नोकरीच्या आशेने म्यानमार-कंबोडियाच्या बाजूला नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेले सुशिक्षित तरुण, यांच्यावरही तोच प्रयोग होतो. उचलीच्या जागी विमानाचे भाडे आणि ‘तुला एवढ्याला घेतला’ ही रक्कम असते. भरती करणारा दलाल परराष्ट्र खात्याकडे नोंदलेला आहे की नाही ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहावे. त्याला सेवाशुल्क 30,000 रुपये व त्यावरील कर यांहून अधिक घेता येत नाही. पर्यटक व्हिसावर नोकरी देऊ करणाऱ्याचा विचार तेथेच सोडावा. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, तो दडपून ठेवण्याचा हक्क कोणत्याही मालकाला नाही.

सुटका झाली की काम संपले, असे समजण्याची चूक चांगल्या चांगल्या कार्यकर्त्यांकडूनही होते. गाडीत बसून लोक गावी येतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, आणि हाती मुक्तता प्रमाणपत्र मात्र नसते. प्रांताधिकाऱ्यांच्या सहीचे हे प्रमाणपत्र प्रत्येक मजुराच्या, म्हणजे बायकोच्या व राबलेल्या मुलाच्याही, स्वतंत्र नावाने त्याच जिल्ह्यात असतानाच मागून घ्यावे; गावी परतल्यावर त्यासाठी हेलपाटे घालणे मजुराच्या आवाक्यातले नसते. त्याच्या आधारे केंद्राच्या पुनर्वसन योजनेतून 30,000 रुपयांपर्यंत तातडीची मदत मिळते आणि पुढे प्रौढ पुरुषाला 1 लाख, स्त्रिया व मुलांना 2 लाख, आणि लैंगिक शोषणासारख्या अधिक घोर प्रकारांत 3 लाखांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. मात्र ही पुढची रक्कम खटल्याच्या निकालाशी निगडित असल्याने तिच्या भरवशावर संसार मांडू नये. बुडालेल्या मजुरीची मागणी वेगळ्या अर्जाने करावी. रेशनकार्ड, जातीचा दाखला, रोजगार हमीचे जॉबकार्ड यांचे अर्ज ज्येष्ठ सरण्यापूर्वी द्यावेत आणि प्रत्येकाची तारीख घातलेली पोच घ्यावी. कारण पुन्हा श्रावण येतो, पुन्हा दाणे सरतात, आणि जुन्या बाकीची आठवण घेऊन तोच माणूस दारात येतो. तो आला की त्याला बसवावे, पाणी द्यावे, आणि ती बाकी कायद्याने संपली असून ती मागायला येणे आता त्याच्याच अंगाशी येईल, हे चार माणसांदेखत सांगावे. मजुरावर दावा लावला गेलाच तर त्याचा बचाव करणे हेही दक्षता समितीचे कर्तव्य आहे.

पावसात झोपडी गळते. मूळ प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला न टांगता ते पोस्टाच्या किंवा बँकेच्या पासबुकाबरोबर पत्र्याच्या डब्यात ठेवावे, एक झेरॉक्स पोलीस पाटलाकडे द्यावी, आणि दुसरी, गुरुजी, आपल्या शाळेच्या कपाटात, दाखल-खारीज रजिस्टराच्या शेजारी.